ठोके सुरळीत झाले, तरी गोळी चालूच ठेवा
ठोके नियमित झालेत, मग आईची रक्त पातळ ठेवणारी गोळी थांबवू का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून स्वतःहून थांबवू नका. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे ठोके अनियमित होण्याच्या या आजारात, हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात, रक्त तिथे साकळून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात. हा धोका साधारण पाचपट असतो, आणि ठोके ताळ्यावर आले म्हणून तो संपत नाही.

माझ्या बाबांना हृदयाच्या झडपेच्या आजारामुळे वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी आहे. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासतो. त्यांचा २ ते ३ च्या दरम्यान हवा. वॉरफरिन असेल तर पालेभाजीतल्या व्हिटॅमिन केमुळे तिचा परिणाम कमी होतो; म्हणून तांबडी भाजी सोडू नका, पण श्रावणात एकदम रोज ताटभरही नको, प्रमाण सारखं ठेवा. आणि गुडघे दुखले तर फार्मसीतून परस्पर दुखण्याची गोळी आणू नका, रक्तस्राव होऊ शकतो.