फ्लोरेसच्या डोंगरात सासरच्या गावी घर बांधावे का? सल्ला हवा आहे

कोयनाकाठ :
नमस्कार. मी मूळची साताऱ्याची असून नऊ वर्षांपासून सिंगापुरात नोकरी करते आहे. माझे पती इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावरील मांगाराई भागातले. त्यांचे गाव रुतेंग या तिथल्या मुख्य गावापासून गाडीने अडीच तासांवर डोंगरात आहे आणि शेवटचे सहा किलोमीटर पावसाळ्यात फक्त मोटारसायकलनेच जाता येते. तिथे घर बांधून वर्षातले पाच-सहा महिने राहावे आणि नोकरीचे काम इंटरनेटवरून करावे, असा विचार आहे. गावच्या सामाईक जमिनीतला, म्हणजे तिथे ज्याला लिंगको म्हणतात त्यातला, आपल्या वाट्याचा एक तुकडा सासरे द्यायला तयार आहेत. बांधकामाचा पैसा मात्र बहुतेक माझ्या बचतीतून जाणार आहे, आणि माझा पासपोर्ट भारतीय आहे. आमचा विवाह सिंगापुरात नोंदवला गेला. मालमत्तेविषयी कोणताही करार आम्ही केलेला नाही.

एका परिचितांचे म्हणणे असे की जमीन दिराच्या नावावर घ्यावी आणि ‘खरी मालकी माझी’ असा खाजगी कागद त्याच्याकडून लिहून घ्यावा. हे कितपत सुरक्षित आहे? शिवाय येत्या वर्षी माझ्या ६८ वर्षांच्या आईला गाव दाखवायचे आहे. प्रवास तिला झेपेल का, आणि तो कोणत्या महिन्यात करावा?

जकार्ताचा पेठकर :
ताई, त्या खाजगी कागदाचा विचार आजच सोडून द्या. १९६० च्या मूलभूत जमीन कायद्याने ‘हाक मिलिक’, म्हणजे पूर्ण मालकी, केवळ इंडोनेशियन नागरिकाला दिली आहे. त्याच कायद्याच्या २६व्या कलमानुसार, परकीयाच्या हाती आडमार्गाने मालकी जावी म्हणून केलेला व्यवहार मुळातच रद्द ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसेही परत मागता येत नाहीत. दीर कितीही सज्जन असले तरी उद्या त्यांच्या मुलांशी गाठ पडली, तर तुमच्या हातातला तो कागद तुमच्याच विरुद्ध पुरावा होईल.

तुमचा खरा प्रश्न पतींच्या नावाचा आहे. तिथल्या १९७४ च्या विवाह कायद्यानुसार लग्नानंतर कमावलेली मालमत्ता दोघांची समजली जाते. त्यात परकीय जोडीदाराचा हिस्सा आला की पतीची हाक मिलिकही अडचणीत येते, कारण परकीयाकडे अशी आलेली मालकी एका वर्षाच्या आत सोडावी लागते. पूर्वी यावर विवाहपूर्व करार एवढाच उपाय होता. २०१६ साली घटना न्यायालयाने असा करार विवाहानंतरही करता येईल असा निकाल दिला, तेव्हा मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार नोटरीकडून करून तो रीतसर नोंदवून घ्या आणि तुमच्या बचतीतून किती खर्च होणार याचा उल्लेख त्यातच कसा येईल, हे नोटरीला विचारा. सिंगापुरातला विवाह इंडोनेशियात नोंदवला आहे की नाही, हे त्याच्याही आधी तपासा. अनेक जोडपी इथेच अडतात.

वडिलांकडून बक्षीस म्हणून आलेली जमीन त्याच कायद्याने ज्याची त्याची राहते, म्हणून सासऱ्यांनी ती मुलाला बक्षीसपत्राने देणे विकत घेण्यापेक्षा चांगले. आणखी एक बाब म्हणजे शेतजमिनीचा मालक त्याच तालुक्यात राहणारा असावा असा तिथला जुना नियम आहे. आपल्याकडे शेतजमीन घेताना शेतकरी असल्याचा दाखला मागतात, त्यातलाच हा प्रकार. पती सिंगापुरात राहत असल्याने हा मुद्दा निघेल, तेव्हा तो तुकडा शेतीचा धरला जातो की वस्तीचा, याची भूमी कार्यालयात चौकशी करावी.

कॉफीचे रोप :
मी मांगाराईत चार वर्षे राहिले आहे. वरील कायदा बरोबरच आहे, परंतु गावात तो दुसऱ्या क्रमांकावर येतो.

‘गेंडांग आत, लिंगको बाहेर’ अशा अर्थाची म्हण तिथे कोणीही वयस्कर माणूस तुम्हाला ऐकवील. गेंडांग म्हणजे ढोल आणि ते जिथे टांगलेले असतात ते गावाचे मूळ घर. त्या घराशी ज्याचे नाते, त्यालाच बाहेरच्या लिंगकोत वाटा. रुतेंगजवळच्या चांचार गावातल्या टेकडीवरून दिसणारी कोळ्याच्या जाळ्यासारखी भातशेती तुम्ही पाहिली असेल. ती काही शोभेसाठी तशी आखलेली नाही. जमीन वाटणारा पुढारी, ज्याला तुआ तेनो म्हणतात, तो शेताच्या मधोमध खुंट रोवतो आणि त्या खुंटाशी प्रत्येकाचा वाटा हाताच्या बोटांनी मोजला जातो. कोणाला एक बोट, कोणाला दोन. तिथून सीमा सरळ बाहेरच्या वर्तुळापर्यंत जातात, म्हणून खुंटापाशी बोटभर असलेला वाटा बांधापाशी घरे मावतील एवढा रुंद होतो. गोव्याची गावकरी, म्हणजे गावाची सामाईक जमीन वाटून कसण्याची जुनी पद्धत, ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातले तत्त्व नवे वाटणार नाही.

आता तुमच्या दृष्टीने याचा अर्थ पाहा. सासऱ्यांचा वाटा हा पिकवण्याचा हक्क आहे की बांधून, भिंत घालून, मुलाच्या नावाचे मालकीचे प्रमाणपत्र काढण्याचा, हे ते एकटे ठरवू शकत नाहीत. आधी मूळ घरात बैठक व्हावी, तुआक (ताडी) आणि कोंबडा रीतीप्रमाणे ठेवला जावा, तुआ गोलो (गावाचा परंपरागत प्रमुख), तुआ तेनो आणि दोन्ही बाजूंचे वाटेकरी यांच्यासमोर सीमा चालून पाहाव्यात आणि ग्रामप्रमुखाकडून ते सारे लिहून सह्या घ्याव्यात. प्रमाणपत्र त्यानंतर. आमच्या शेजारच्या खोऱ्यात एकाने हा क्रम उलटा केला; प्रमाणपत्र आले, पण पाण्याची नळी त्याच्या घरापर्यंत कोणी येऊ दिली नाही. झऱ्याचे पाणी गावाचे असते.

राहण्याविषयी माझे स्पष्ट मत असे की बांधण्यापूर्वी एक पूर्ण पावसाळा, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, सासरच्याच घरात काढावा. पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की समोरच्याचे बोलणे ऐकू येत नाही. माझ्या कामाच्या कितीतरी बैठका मी डोक्यावर घोंगडी घेऊन, तोंड फोनला लावून पार पाडल्या आहेत. सिंगापूरची आणि तिथली वेळ एकच, ही तुमची सोय. २०२४ पासून स्टारलिंक, म्हणजे उपग्रहावरून येणारे इंटरनेट, मिळते, परंतु वीज गेल्यावर तीही बंद, त्यामुळे बॅटरीची व्यवस्था हवीच. महिन्याचा खर्च मांडताना ‘कुम्पुल कोपे’ विसरू नका. कोणाचे लग्न निघाले की नातलग एकत्र बसून वर्गणी काढतात, आणि सिंगापुरात नोकरी करणाऱ्या सुनेकडून किती अपेक्षा असेल ते मी सांगायला नको.

कुत्र्यांपासून सावध राहा. फ्लोरेसमध्ये १९९७ पासून रेबीज आहे. मला पोटरीला चावा बसला तेव्हा जवळच्या आरोग्य केंद्रात लस शिल्लक नव्हती आणि रात्री मोटारसायकलवर बसून मोठ्या गावी जावे लागले. तुम्ही आणि आईंनी पूर्वदक्षतेची लस साताऱ्यातच घेऊन निघावे.

घाटवाट :
प्रवासापुरते लिहितो. भारतीयांना तिथे उतरल्यावर ३० दिवसांचा व्हिसा ५,००,००० रुपियांना मिळतो आणि तो एकदा वाढवता येतो. बालीतील देनपासारहून फ्लोरेसच्या पश्चिम टोकावरील लाबुआन बाजोचे विमान तासाभराचे आहे. तिथून रुतेंग सुमारे १३० किलोमीटर असले तरी चार तास धरा, कारण सगळा रस्ता वळणांचा आहे. आंबेनळी घाटाचा एक तुकडा दिवसभर पुन्हा पुन्हा उतरतो आहोत असे वाटते. म्हणून आईंना त्याच दिवशी गावापर्यंत नेऊ नका. रुतेंगला मुक्काम करा. ते सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे, रात्री शाल लागते. गावात जाणारी ओतो कोल, म्हणजे लाकडी बाके ठोकलेला ट्रक, त्यांच्यासाठी मुळीच नको. स्वतंत्र गाडी ठरवा. जून ते ऑगस्ट हा काळ उत्तम, तेव्हा दरडी कोसळत नाहीत आणि अंगणात कॉफी वाळत घातलेली असते.

कोयनाकाठ :
सर्वांचे मनापासून आभार. नोटरीची ठरलेली वेळ आम्ही पुढे ढकलली आहे. काल रात्री यजमानांनी वडिलांना शेजारच्या वाटेकऱ्यांविषयी फोनवर विचारले, तेव्हा प्रथमच कळले की त्या तुकड्याच्या वरच्या अंगाला एका चुलत भावाने तीन वर्षांपूर्वी लवंगेची अकरा रोपे लावली आहेत. सासरे म्हणतात, त्यात काही नाही, तो घरचाच आहे. यावर काय करावे?

कॉफीचे रोप :
त्यात बरेच काही आहे. जमीन एकाची आणि झाडे दुसऱ्याची असे तिथे सर्रास चालते आणि लवंगेचे झाड फळाला आले की त्याचा मालक कुठेही जात नाही. बैठकीला त्या भावाला आधी बोलवा, आणि घराची जागा खालच्या अंगाला धरा. झाडे त्याचीच राहतील, हे त्याच्यासमोर पतींनी स्वतः म्हणावे आणि कागदात तसे लिहावे, अकरा हा आकडाही.