मदत हवी आहे: कर्क्युमिनचा झोन (जिवाणू न वाढलेलं वर्तुळ) दिसत नाही, एमआयसी (वाढ थांबवणारं किमान कॉन्सन्ट्रेशन) कशी काढू?

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी हळदीतल्या कर्क्युमिनची जिवाणूविरोधी चाचणी करतेय. म्युलर-हिंटन अगारवर (जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमावर) ०.५ मॅकफार्लंडचं, म्हणजे ठरावीक गढूळपणाचं, स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचं द्रावण पसरवलं, अगारात वेल (छोटे खड्डे) पाडून डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेलं कर्क्युमिन भरलं. दुसऱ्या दिवशी बघते तर वेलभोवती पिवळाधमक डाग आणि त्याला खेटून जिवाणूंची दाट वाढ. त्याच प्लेटवर तुलनेसाठी ठेवलेल्या जेंटामायसिन या अँटिबायोटिकचा झोन मात्र छान गोल.

गाईड म्हणतात, झोन नाही म्हणजे ॲक्टिव्हिटी नाही, विषय संपला. मला काही ते पटत नाही. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, मग अगारमधून पसरणार कसं? म्हणून ९६ वेलच्या प्लेटमध्ये ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (द्रव माध्यमात कर्क्युमिनची उतरती कॉन्सन्ट्रेशन्स करून वाढ बघणं) करायचं ठरवलंय.

पण तिथे वेगळीच पंचाईत. जास्त कॉन्सन्ट्रेशनला कर्क्युमिनचा साका तळाशी बसतो. गढूळपणा साक्याचा की वाढीचा, डोळ्यांना कळत नाही आणि ६०० नॅनोमीटरच्या प्रकाशात यंत्रावर घेतलेल्या गढूळपणाच्या रीडिंगवरही भरवसा नाही. रेसाझुरिन (जिवंत जिवाणू असले की निळ्याचा गुलाबी होणारा रंग) घालावं, तर निळ्याचं गुलाबी झालेलं त्या पिवळ्यात दिसेल का? (माझा एप्रन तर हळदीच्या कार्यक्रमाहून आल्यासारखा झालाय.)

कुणी हे प्रत्यक्ष केलंय का? जिवाणू न घातलेले कर्क्युमिनचे कंट्रोल ठेवून रीडिंग वजा करणं पुरेसं होतं, की प्रत्येक वेलमधून अगारवर लावून कॉलनीच मोजाव्यात? डीएमएसओ शेवटी १ टक्क्यावर ठेवला तर चालेल ना? आणि कर्क्युमिन उजेडात खराब होतं, तर प्लेट फॉईलमध्ये गुंडाळून इनक्युबेट करता का? पुढच्या आठवड्यात प्लेट लावायचीय, त्याआधी सांगितलंत तर फार बरं होईल.