कागदाची अंतराळयानं: तुम्ही कशी केली, सांगा (अनुभव धागा)

छत्रपती संभाजीनगर, धागा सुरू करताना

सिनेमातलं यान पडद्यावर दहा सेकंद दिसतं आणि जातं. तेच कागदात करायला घेतलं की तीन आठवडे टेबलावरून हलत नाही. औरंगपुऱ्यात 200 जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला 200 ग्रॅम वजनाचं) कार्डशीट घ्यायला गेलो होतो, तर शेजारचा माणूसही तेच मागत होता आणि त्याच्या हातात यानाचे भाग छापलेली पानं होती. तेव्हाच ठरवलं, आपल्या भागात हे करणाऱ्यांना एकत्र बोलतं करायचं.

कोणतं यान केलं, कोणत्या कागदात केलं, कुठे अडलात आणि ते आता घरात कुठे आहे, एवढं लिहा. अर्धवट राहिलेलंही सांगा. पहिला अनुभव माझा.

मी 1968 च्या '2001: अ स्पेस ओडिसी'मधलं डिस्कव्हरी केलं. पुढे माणसं राहतात तो गोल, मागे इंजिन आणि मधे लांबलचक कणा. अणुइंजिन माणसांपासून जितकं दूर तितकं बरं, म्हणून तो कणा. चित्रीकरणासाठी केलेलं मोठं मॉडेल सुमारे 54 फूट लांब होतं. मी माझं मुद्दाम 54 सेंटिमीटरचं केलं.

खरी परीक्षा गोलाची. कागद एका दिशेनं वळतो, एकाच वेळी दोन दिशांनी वळत नाही, म्हणून गोलाच्या पाकळ्या कराव्या लागतात, खरबुजाच्या फोडींसारख्या. 6 सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचा परीघ 18.85 सेंटिमीटर. पाकळ्या बारा, प्रत्येक पाकळी मधोमध 1.57 रुंद आणि 9.42 लांब. पहिल्या वेळी एकीला एक जोडत गेलो आणि शेवटची पाकळी बसेना. दुसऱ्या वेळी मधल्या रेघेवर आतून एक पट्टी गोल चिकटवली, सगळ्या पाकळ्या आधी त्या पट्टीवर बसवल्या आणि मग वरची-खालची टोकं मिटत गेलो. गोल झाला.

मग कणा वाकला, तोही मे महिन्यात. बाहेर 42 अंश, म्हणून कूलर लावून बसायचो. कूलरची हवा ओली असते आणि कार्डशीट ती पितं, हे चार दिवसांनी लक्षात आलं. आता काम पहाटे करतो, कूलर-पंखा बंद ठेवून, आणि कण्याच्या आत अगरबत्तीच्या काड्यांची जुडी घालतो.

शेजारच्या मुलानं विचारलं, "काका, ह्याला पंख कुठंत?" त्याला सांगितलं की हे यान हवेतून कधीच उडत नाही, मग पंख कशाला? खरं तर इंजिनाची उष्णता बाहेर टाकायला मोठे पत्रे लागले असते. मूळ आराखड्यात ते होते. प्रेक्षकांना ते पंख वाटतील म्हणून काढून टाकले. मुलानं दोन मिनिटं यान फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "मग गरम होत असंल की हे." त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

परभणी, गणित शिकवते

मी पूर्ण यान एकच केलंय, पण इंजिनाचे भोंगे शेकड्यांनी केले असतील, तेही वर्गात.

दहावीला महत्त्वमापनात शंकू येतो. शंकूची तिरकस उंची म्हणजे उलगडलेल्या वर्तुळपाकळीची त्रिज्या, हे फळ्यावर सांगितलं की मुलं लिहून घेतात आणि परीक्षेनंतर विसरतात. म्हणून मी भोंगा करायला लावते. तळाची त्रिज्या 3, तिरकस उंची 9. पाकळीचा कोन 3 भागिले 9 गुणिले 360, म्हणजे 120 अंश. कर्कटक, कोनमापक, कात्री, डिंक. टोक कापलं की शंकूछेद, आणि शंकूछेद उलटा लावला की यानाचं इंजिन.

एका वर्षी सगळ्यांचे भोंगे मापापेक्षा बारीक झाले. मी सूत्र पुन्हा तपासलं, ते बरोबर होतं. मागच्या बाकावरची एक मुलगी, गणितात जेमतेम पास होणारी, उठून म्हणाली, "मॅडम, चिकटवायची पट्टी आपण 120 च्या आतच धरली. ती बाहेर सोडावी लागंल. ब्लाउज कापताना शिलाईचं मार्जिन बाहेर सोडत्यात तसं." तिची आई शिवणकाम करते. वीस वर्षं शिकवून मला जे शब्द सापडले नव्हते ते तिला सापडले. तेव्हापासून मी तिच्याच शब्दांत सांगते, आणि ती मुलगी कुठल्या बाकावर बसायची तेही सांगते.

लातूर, अभियांत्रिकी तिसरं वर्ष

'इंटरस्टेलर' (2014) मधलं एन्ड्युरन्स. बारा कप्प्यांचं कडं, स्वतःभोवती फिरत राहणारं, म्हणजे आतल्या माणसाला कडेच्या दिशेनं वजन जाणवतं. आमच्या गंजगोलाईला, म्हणजे शहरातल्या गोल बाजारपेठेला, 16 रस्ते येऊन मिळतात. गोल दिसला की त्याचे भाग मोजायची सवय आम्हा लातूरकरांना लहानपणापासूनच लागते.

बारा कप्पे म्हणजे प्रत्येक वळणाला 30 अंश. दोन कप्पे भिडतात तिथे प्रत्येकाचं तोंड 15 अंशांत तिरकं कापायचं. वाचायला सोपं आहे. मी एकेक कप्पा करून पुढच्याला चिकटवत गेलो, सगळं छान दिसत होतं. अकरा झाले, बारावा घेतला, आणि त्याच्या जागेत तो शिरेना. प्रत्येक वळणाला अर्धा अंश जरी चुकला तरी बारा वळणांत 6 अंश होतात. डोळ्याला अर्धा अंश दिसत नाही, 6 अंश मात्र दाराएवढे दिसतात. रात्रीचे दोन वाजले होते. रूममेट झोपला होता. मी ते कडं हातात धरून बराच वेळ नुसता बसून राहिलो.

दुसऱ्यांदा केलं तेव्हा आधी जाड पुठ्ठ्यावर पूर्ण वर्तुळ काढलं, 30-30 अंशांच्या बारा रेघा मारल्या आणि प्रत्येक कप्पा त्या रेघांवर ठेवूनच चिकटवला. चूक झाली तरी ती त्या कप्प्यापुरतीच राहते, पुढे सरकत नाही. कॉलेजात मोजमापातल्या साचणाऱ्या चुकीवर एक धडा होता. तो मला त्या रात्री समजला.

आता ते खोलीत पंख्याच्या हुकाला दोऱ्यानं टांगलंय. पंखा काढून ठेवलाय, हिवाळ्यापुरता.

जालना, झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान

मी यानं करत नाही, यानं करणाऱ्यांना छापून देतो. दोन गोष्टी कळकळीनं सांगायच्यात.

पहिली चूक माझीच. एक पोरगा पेनड्राइव्हमध्ये 14 पानं घेऊन आला. मी दहा पानं एका मशीनवर काढली, चार दुसऱ्यावर. दुसऱ्यावर 'फिट टू पेज' चालू राहिलं होतं, म्हणजे पान 97 टक्क्यांवर आलं. शंभर मिलिमीटरचा भाग 97 चा झाला. पोरानं आठ दिवस कापाकापी केली आणि मग परत आला. चिडला नाही. दोन तुकडे काउंटरवर ठेवून एवढंच म्हणाला, "भाऊ, हे एकमेकांना भेटंनात." मला फार वाईट वाटलं. सगळी पानं पुन्हा काढून दिली. तेव्हापासून प्रत्येक फाइलवर मी 5 सेंटिमीटरची एक रेघ टाकतो आणि गिऱ्हाइकासमोर पट्टी लावून मोजून दाखवतो. तुम्हीही दुकानदाराला '100 टक्के, ॲक्च्युअल साइज' असं ठणकावून सांगा.

दुसरी गोष्ट कागदाची. लेझर प्रिंट घडीवर तडकते, कारण टोनर कागदावर बसलेला असतो, आत मुरत नाही. इंकजेटचा रंग मुरतो, पण ओला फेविकॉल लागला की फुटतो. मोठ्या सपाट भागांना लेझर बरं, बारीक घड्यांना इंकजेट. जाडी बघाल तर अंगाला 160 ते 200 जीएसएम आणि बारीक नळ्यांना साधा 80 चा. वजनाचा हिशोबही सोपा आहे: ए-फोर म्हणजे चौरस मीटरचा सोळावा भाग, म्हणून 160 चं एक पान 10 ग्रॅमचं. लातूरच्या भावाचं कडं किती पानांचं आहे ते मोजलं की दोरा किती जाड हवा तेही कळेल.

आणि नळी वळायच्या आधी पान दोन्ही दिशांनी हलकं वाकवून बघा. ज्या बाजूनं ते सहज वाकतं त्या बाजूनंच वळा. उलट वळलं की सुरकुत्या पडतात. लग्नपत्रिका छापणाऱ्या कुठल्याही माणसाला हे ठाऊक असतं.

हिंगोली

कडा फाटल्यासारख्या येतात. कटर नवीन आहे. काय चुकत असेल?

छत्रपती संभाजीनगर

ब्लेडचं टोक मोडा. नव्या कटरचंही टोक दोन-तीन पानांत बोथट होतं, मग ते कापत नाही, ओढतं. आणि घडीची रेघ कटरनं मारू नका, संपलेल्या रिफिलनं मारा.

धाराशिव

1977 च्या 'स्टार वॉर्स'चं पहिलंच दृश्य: छोटं यान पळतंय आणि डोक्यावरून अवाढव्य त्रिकोणी यान येतच राहतं. चित्रीकरणासाठी केलेली मॉडेलं बघाल तर ते अवाढव्य यान जेमतेम 3 फुटांचं होतं आणि पळणारं छोटं त्याच्या जवळपास दुप्पट. हे कळल्यावर माझं काम बदललं. मी तोवर आकारामागे होतो, मोठं करायचं म्हणून ए-थ्रीवर छापायचो. खरं मोठेपण अंगावरच्या बारीक कामात होतं. त्या कारागिरांनी रणगाड्यांच्या, जहाजांच्या प्लॅस्टिक किटचे तुकडे अंगभर चिकटवले होते.

माझ्याकडे किट नाहीत. ऑफिसच्या पंचिंग मशीनमधून पडणाऱ्या कागदाच्या टिकल्या आहेत, काडेपेटीच्या पुठ्ठ्याच्या एक मिलिमीटरच्या पट्ट्या आहेत आणि चिमटा आहे. यान 30 सेंटिमीटरचं, त्यावर आजवर अकराशेच्या वर तुकडे. टिकली आडवी न ठेवता उभी चिकटवली की लहानशी छत्रीसारखी अँटेना होते.

नांदेड

आमच्याकडे महालक्ष्म्यांची आरास मोठी असते. एका वर्षी पोरांनी हट्ट धरला की आरास आकाशाची करायची. मी 'स्टार ट्रेक'चं एन्टरप्राइझ केलं. मालिका 1966 ची, आणि तिच्यासाठी केलेलं 11 फुटी मॉडेल आता वॉशिंग्टनच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयात आहे. ते बव्हंशी लाकडाचं. माझं कागदाचं, त्यात भाद्रपदातली दमट हवा. यानाची पुढची गोल बशी जड, तिला पेलणारी मान बारीक, आणि मागच्या दोन नळ्या तर नुसत्या तिरक्या पट्ट्यांवर उभ्या. पहिल्या संध्याकाळीच बशीनं मान टाकली.

सासूबाई सोवळ्यात पुरणाचा घाट घालत होत्या. बाहेर येऊन त्यांनी यान पाहिलं आणि म्हणाल्या, "मखराच्या कामट्या उरल्यात की." बांबूची एक कामटी मानेत आणि दोन पट्ट्यांत घातल्या, वरून कागद. तीन दिवस यान महालक्ष्म्यांच्या मागे, निळ्या साडीच्या आकाशात, सरळ उभं राहिलं. हळदी-कुंकवाला आलेल्या बायका आधी मुखवट्यांना हात जोडायच्या आणि मग यानाकडे बघत उभ्या राहायच्या. त्यातल्या एकीनं टेम्प्लेट मागून नेलं. ते यान अजून आहे, मखराच्याच पेटीत, मुखवट्यांशेजारी सुती कापडात गुंडाळून.

बीड जिल्हा, सध्या कामानिमित्त बाहेर

आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळीनंतर जायचे ते उन्हाळ्यातच यायचे. मी आजीजवळ. शेजारच्यांच्या टीव्हीवर एका रविवारी हिंदीत डब केलेला सिनेमा लागला होता, नाव आठवत नाही, त्यातलं एक जाडजूड मालवाहू यान मात्र डोक्यात बसलं. ते करायला कागद म्हणजे औषधाची खोकी आणि जुन्या लग्नपत्रिका. डिंकाला पैसे नव्हते. आजी गव्हाच्या पिठाची खळ शिजवून द्यायची. पहिलं यान झुरळांनी खाल्लं. मग गावातल्या वह्या बांधणाऱ्या काकांनी सांगितलं की खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, म्हणजे कीड लागत नाही. ते विष आहे, म्हणून ती वाटी आजीनं चुलीपासून लांब, उंच फडताळात ठेवली आणि चिकटवून झालं की माझे हात स्वतः घासून धुतले.

दुसरं यान टिकलं. आढ्याला दोऱ्यानं बांधलं होतं. आई आली तेव्हा तिनं गाठोडं खाली ठेवलं, वर बघितलं, आणि विचारलं, "लई चांगलं केलंस. पर ह्याचं दार कुठंय? माणूस आत जातंय कुठून?"

मी दार केलंच नव्हतं.

आज माझ्याकडे प्रिंटर आहे, कटिंग मॅट आहे, तयार टेम्प्लेट विकत घेतो. पण प्रत्येक यानाला एक दार मी स्वतः कापतो, डिझाइनमध्ये नसलं तरी.

परभणी, गणित शिकवते

दादा, दार किती मापाचं ठेवता?

बीड जिल्हा

ताई, मी 1:200 मध्ये करतो. आईची उंची पाच फूट, म्हणजे साडेसात मिलिमीटर. दार 10 चं कापतो. डोक्यावर मोळी असली तरी वाकावं लागू नये.