ह्यू मॅहन यांची हकालपट्टी : खटला नव्हताच

ऑस्ट्रेलियाच्या संसदेने 1920 मध्ये हकालपट्टी केलेले ह्यू मॅहन यांची खासदारकी कोर्टात राजद्रोह सिद्ध झाल्यामुळे गेली का, असा प्रश्न आहे. नाही. खटला भरलाच नाही, सगळं सभागृहातच उरकलं.

आयर्लंडमध्ये लँड लीग या कुळांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या कामासाठी आयरिश नेते पार्नेल यांच्याबरोबर तुरुंगवास भोगून ते 1882 मध्ये ऑस्ट्रेलियात आले. पत्रकारिता केली आणि 1901 मध्ये पहिल्याच संसदेत कूलगार्डीतून लेबर पक्षाचे खासदार झाले. पुढे तीनदा मंत्रीही.

आयर्लंडमधल्या कॉर्क शहराचे महापौर, ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणारे मॅकस्वीनी 74 दिवसांच्या उपोषणानंतर लंडनच्या तुरुंगात वारले. त्यावर 7 नोव्हेंबर 1920 ला मेलबर्नच्या रिचमंडमधल्या सभेत मॅहन ब्रिटिश सत्तेवर तुटून पडले. पाचच दिवसांत पंतप्रधान ह्यूज यांचा हकालपट्टीचा ठराव मंजूर! गंमत म्हणजे 1916 मध्ये लेबर पक्षात फूट पडेपर्यंत मॅहन याच ह्यूज यांच्या मंत्रिमंडळात परराष्ट्र खातं सांभाळत होते.

अधिकार आला कुठून? राज्यघटनेच्या कलम 49 मधून. संसद स्वतःचे विशेषाधिकार कायद्याने ठरवत नाही तोवर ब्रिटिश हाउस ऑफ कॉमन्सचे लागू, आणि त्यात सदस्याला काढणंही आलं. त्यामुळे साधं बहुमत पुरलं. माझ्या मते खरी मेख इथेच आहे : आरोप करणारे आणि निकाल देणारे तेच.

मात्र हकालपट्टी म्हणजे अपात्रता नव्हे. रिकाम्या झालेल्या आपल्याच कॅलगुर्लीच्या जागेची डिसेंबरमधली पोटनिवडणूक मॅहन लढले आणि सरकार पक्षाकडून हरले. विरोधकांची जागा सरकार पक्षाने पोटनिवडणुकीत जिंकण्याचा प्रकार त्यानंतर थेट 2023 मध्ये, ॲस्टन मतदारसंघात घडला. हकालपट्टीचा अधिकारच 1987 च्या संसदीय विशेषाधिकार कायद्याने काढून टाकला.