मदत हवी आहे: पेन्सिल सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यासाठी चार्ज टिकवणारे रिचार्जेबल सेल

मंडळी,

माझ्याकडे निकॉनचा कूलपिक्स एल८३० आहे. २०१४ सालचं मॉडेल, म्हणजे कॅमेऱ्यांच्या हिशेबात म्हातारंच. पण ३४ पट झूम आहे, आणि कळंबा तलावाच्या काठावरून आत लांब पोहणारे वारकरी पक्षी मोबाईलमध्ये नुसते काळे ठिपके दिसतात, ते यात चोचीच्या पांढऱ्या टिळ्यासकट येतात. त्यामुळे टाकवत नाही. याला चार पेन्सिल सेल लागतात, आणि सगळं दुखणं तिथंच आहे.

कॅमेरा रोज लागत नाही. जमेल त्या रविवारी कळंबा नाहीतर रंकाळा, पाऊस ओसरला की मसाई पठारावरची फुलं, क्वचित दाजीपूरचं जंगल. एरवी दोन-तीन आठवडे कपाटात. सध्याचे सेल २७०० एमएएचचे (म्हणजे क्षमतेचा आकडा), साधे रिचार्जेबल. आदल्या रात्री चार्ज केले तर दिवसभर मस्त चालतात. पण चार्ज करून ठेवले आणि पुढच्या-पुढच्या रविवारी कॅमेरा सुरू केला की लेन्स घर्रकन अर्धी बाहेर येते, पडद्यावर बॅटरी संपल्याची पाटी, आणि लेन्स तशीच जीभ बाहेर काढून अडकलेली. बगळा तोवर समोर उभा असतो, हे वेगळं सांगायला नको.

साधे अल्कलाइन घालून पाहिले. लेन्स पुढे-मागे होताना आणि फ्लॅश भरताना कॅमेरा एकदम जास्त करंट ओढतो, तेव्हा त्यांचं व्होल्टेज खाली बसतं. कॅमेऱ्याने 'संपले' म्हणून टाकलेले सेल आमच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळात मात्र महिनोन् महिने चालतात. हा खर्च दर वेळी परवडत नाही आणि कचराही होतो.

थोडं वाचल्यावर कळलं की साधे निकेल मेटल हायड्राइड सेल नुसते ठेवले तरी पहिल्या महिन्यात पाव भाग चार्ज सहज गमावतात, उन्हाळ्यात त्याहून जास्त. २००५ च्या अखेरीस सॅन्योने 'एनेलूप' आणले, ते चार्ज धरून ठेवणारे. आता ते पॅनासॉनिकच्या नावाने येतात. इतर कंपन्यांचेही तसे सेल आहेत, पाकिटावर 'प्री-चार्ज्ड' किंवा 'रेडी टू यूज' लिहिलेलं असतं. इथपर्यंत ठीक. पुढे डोकं चालत नाही:

एनेलूपचे पांढरे २००० एमएएचवाले घ्यावेत की काळे २५०० वाले 'प्रो'? दोन्हींत किमतीचा फरक बराच आहे. आताचा चार्जर (दोन सेलना मिळून एकच दिवा असलेला) चालेल का? ते यूएसबीची वायर लावून चार्ज होणारे दीड व्होल्टचे लिथियम सेल जास्त बरे का? ऑनलाइन तर ३५०० नि ४००० एमएएचचे सेलही दिसतायत, ते काय प्रकरण आहे? आणि कोल्हापुरात खात्रीचे कुठे मिळतील?

तांबडापांढरा:
ताई, ४००० वगैरे काय खरं नसतंय. पेन्सिल सेलच्या मापात निकेलवाल्याची मजल २६००-२७०० पर्यंत. त्याच्या वर आकडा दिसला की पाकीट जागेवर ठेवायचं आणि गप घरला यायचं. दुकानाचं म्हणाल तर लग्नाच्या ऑर्डरी घेणारा एखादा फोटोग्राफर गाठा. फ्लॅशगनला ही मंडळी हेच सेल वापरतात आणि मांडवात सेलनी दगा दिलेला त्यांना परवडत नाही. ते जिथनं आणतात तिथनंच घ्या.

मीटरवाला:
तुमच्या वापराला पांढरे २००० वालेच. माझ्याकडच्या पाकिटांवरचे कंपनीचे दावे सांगतो. पांढरा २१०० वेळा चार्ज होतो आणि नुसता ठेवला तर दहा वर्षांनी ७० टक्के चार्ज शिल्लक. काळा ५०० वेळा आणि एका वर्षानंतर ८५ टक्के. दावे प्रयोगशाळेतले असतात, तेव्हा थोडं कमी धरा, पण दोघांतला फरक खरा आहे. त्याच डबीत जास्त माल कोंबला की आयुष्य घटतं. प्रो दिवसभर फ्लॅश मारणाऱ्यांसाठी. तुमचा कॅमेरा महिन्यातले बहुतेक दिवस झोपलेला असतो, त्याला टिकाऊपणा हवा. जास्तीच्या ५०० एमएएचऐवजी त्याच पैशात पांढऱ्यांचा दुसरा संच घ्या आणि खिशात ठेवा.

यूएसबीवाल्यांबद्दल. त्यांच्या पोटात ३.७ व्होल्टचा लिथियम आयन सेल आणि व्होल्टेज उतरवणारं छोटं सर्किट असतं. शेवटपर्यंत दीड व्होल्ट देतात, म्हणून कॅमेरा शेवटपर्यंत 'फुल्ल' दाखवतो आणि मग एका क्षणात बंद. लेन्स बाहेर असताना किंवा कार्डावर फोटो लिहिला जात असताना असं झालेलं मला तरी नको. त्यांच्यावर आकडाही बहुधा एमडब्ल्यूएचमध्ये (मिलिवॅट-तास, म्हणजे एमएएच गुणिले व्होल्ट) छापतात. ३००० एमडब्ल्यूएचला दीडने भागा, २००० एमएएच झाले. आणि पांढऱ्या एनेलूपचे २००० गुणिले १.२ म्हणजे २४०० एमडब्ल्यूएच. म्हणजे आकड्यात वाटते तेवढी तफावत नाही.

एक मात्र कटाक्षाने पाळा. १४५०० नावाचे सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेल, पण ते सरळ ३.७ व्होल्टचे. चार घातले तर सहाच्या जागी पंधरा व्होल्टच्या आसपास जातील आणि कॅमेरा कायमचा जाईल.

आता चार्जर. दोन सेलना एक दिवा म्हणजे तो जोडीने चार्ज करतो. जोडीतला एक आधी भरला तरी दुसऱ्यासाठी त्याच्यात करंट जातच राहतो, तो तापतो आणि लवकर म्हातारा होतो. प्रत्येक सेलला स्वतंत्र दिवा असलेला घ्या, एनेलूपचाच बीक्यू-सीसी१७ तसा आहे. सेल पूर्ण भरला की व्होल्टेज किंचित खाली येतं, ते ओळखून चांगला चार्जर त्या खणापुरता बंद होतो.

आणि नवीन घ्यायच्या आधी एक करून बघा. चारही सेलवर मार्करने १ ते ४ लिहा, चार्ज करा, कॅमेऱ्याबाहेर ठेवा आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी मल्टिमीटरने मोजा. कॅमेऱ्यात चारही एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे एकच लंगडा असला तरी सगळी दिंडी थांबते.

तांबडापांढरा:
आणि मेनूत जाऊन बघा हो. या निकॉनला सेटअपमध्ये 'बॅटरी टाइप' असतंय. अल्कलाइनवर राहिलं असंल तर रिचार्जेबल सेलात जीव असतानाच हा संपले म्हणून बोंबलणार. 'कूलपिक्स एनआयएमएच' वर टाका.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. मेनूत खरंच अल्कलाइन होतं, बदललं. मल्टिमीटर शेजारच्या इलेक्ट्रिशियन दादांकडून आणला. दोन आठवडे ठेवलेले सेल: पहिला १.२७, दुसरा १.२६, चौथा १.२७ आणि तिसरा १.०६! इतके दिवस मी चौघांनाही शिव्या घालत होते.

मग आता फक्त तिसरा बदलला तर? की सगळेच नवीन घेऊ? आणि चार्ज करून कपाटात ठेवायचे की जायच्या आदल्या दिवशीच करायचे? आमच्याकडे कोणी म्हणतं फ्रिजमध्ये ठेवा.

मीटरवाला:
तिसरा एकटा बदलू नका. जुन्या तिघांत नवा एक घातला की जुने आधी रिकामे होतात आणि उरलेल्याच्या जोरावर कॅमेरा चालूच राहतो. रिकाम्या सेलमधून करंट जबरदस्तीने ढकलला गेला की त्याचे ध्रुव उलटतात आणि तो कामातून जातो. चौघे एकाच वेळी घेतलेले, एकत्र चार्ज केलेले आणि एकत्रच वापरलेले हवेत. मी एका संचाला लाल टिकली लावतो, दुसऱ्याला निळी.

फ्रिज नको, बाहेर काढल्यावर दव धरतं. कपाट पुरे. नवे सेल घेतल्यावर चार्ज करून खुशाल महिनाभर ठेवा. फक्त बॅग उन्हात लावलेल्या गाडीत सोडू नका. चैत्रात जोतिबाच्या पायथ्याला गाडी उभी केली तर आत भट्टी होते, आणि तापलं की कुठलाही सेल चार्ज लवकर सोडतो. घेताना सेलच्या अंगावर दाबून उमटवलेला वर्ष-महिना बघा, फार जुना माल असेल तर बदलून मागा.

दाजीपूरसारख्या ठिकाणी अडचण नको म्हणून चार लिथियमचे, एकदाच वापरायचे सेल पिशवीच्या तळाशी टाकून ठेवा. वजनाला हलके आणि वर्षानुवर्षं पडून राहिले तरी चालतात. ते चार्जरमध्ये मात्र घालायचे नाहीत, आणि वापरताना मेनूत 'लिथियम' निवडायचं.

धागाकर्ती:
ठरलं. पांढरे आठ आणि स्वतंत्र दिव्यांचा चार्जर. जुने तीन बरे सेल कशाला वापरू? फेकायला जीव होत नाही.

तांबडापांढरा:
दोन सेलवाली टॉर्च असंल तर तिला दोन, उरलेला घड्याळाला. बाद झालेला ३ नंबरचा ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. आणि सेल आल्यावर वारकऱ्याचा फोटो टाका की इथं.