न्यू जर्सी: हायस्कूल बेसबॉलचा चांगला कोच ओळखायचा कसा?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. मुलगा १४ वर्षांचा, पिचर (बॅटरला चेंडू फेकणारा), सप्टेंबरमध्ये नववीत जाईल. जूनअखेर घराचा करार संपतोय, त्यामुळे दोन गावांपैकी एक निवडता येईल, म्हणजे शाळाही. एका शाळेचा कोच सतत जिंकणारा, कपाट ढालींनी भरलेलं. दुसरीकडे तिथलेच केमिस्ट्रीचे सर कोच आहेत, टीम हरते जास्त. आम्ही नाशिकचे, घरात सगळं क्रिकेट. कोचमध्ये बघायचं काय? बेसबॉलसाठी वर्षाला १५०० डॉलर, त्यावर एक डॉलर नाही. खासगी शाळा नको.

टेक्सासचा तात्या
ताई, डोळे मिटून जिंकणारा घ्या. आमचा नववीतच व्हार्सिटीला, म्हणजे शाळेच्या मुख्य टीमला खेळला! ट्रॅव्हल टीमचे (शाळेबाहेरचा क्लब) वर्षाला ६००० डॉलर, पिचिंगचा क्लास वेगळा. जवळ चांगली खासगी शाळा असेल तर तीही बघाच. कॉलेजची स्कॉलरशिप मिळाली की सगळं वसूल.

चंद्रभागा
तात्या, डिव्हिजन वनला, म्हणजे कॉलेज खेळाच्या सगळ्यात वरच्या पातळीला, कित्येक वर्षं अख्ख्या टीमला मिळून ११.७ स्कॉलरशिप होत्या, त्याही तुकडे करून वाटायचे. २०२५ पासून नियम बदललेत, पण त्या आशेवर घर बदलू नये.

ताई, आमचा अनुभव ऐका. मुलगा दहावीत. कोच नावाजलेला. मंगळवारी शाळेच्या मॅचला ९० पिच (फेकलेले चेंडू) टाकून घेतले, लगेच पुढच्या इनिंगला कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखा) म्हणून बसवलं. शनिवारी ट्रॅव्हल टीमला पुन्हा पिचिंग. शाळेचा कोच शनिवारचं मोजत नव्हता, ट्रॅव्हलचा कोच मंगळवारचं, आणि आम्ही दोन्हीकडे टाळ्या वाजवत होतो. कोपराचं लिगामेंट गेलं. ते नव्याने बसवायची टॉमी जॉन सर्जरी झाली.

मेजर लीगच्या पिच स्मार्ट या तरुण पिचरसाठीच्या नियमावलीत आकडे आहेत: १५-१६ वयाला दिवसाला जास्तीत जास्त ९५ पिच, ७६ किंवा वर गेले तर ४ दिवस विश्रांती. वर्षातून ४ महिने फेकणं बंद, त्यातले दोन-तीन सलग. २०१७ पासून जवळजवळ प्रत्येक राज्यात शाळांना पिच काउंटची मर्यादा बंधनकारक आहे, पण ती शाळेच्याच मॅचेसना. कोचला विचारा, बाहेरचे पिच तुम्ही वहीत धरता का?

दादरची कैरी
कोच म्हणजे आचरेकर सर! स्टंपवर रुपया ठेवायचे, सचिनला बाद करेल त्याचा. नाबाद राहिला तर रुपया सचिनचा. स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्यावर न्यायचे. मेहनतीला पर्याय नाही, ही विश्रांतीची थेरं तेव्हा नव्हती.

चंद्रभागा
सरांबद्दल आदरच आहे. पण सचिन बॅटिंग करत होता. आणि बोलरचं कोपर जवळजवळ सरळ राहतं, पिचरचं वाकून झटक्यात उघडतं. बराच ताण आतल्या बाजूच्या त्या एका लिगामेंटवर. दोन्हीला एक नियम लावू नका.

दादरची कैरी
फास्ट बोलरच्या पाठीचं काय मग? तिथे नसतो ताण? वेगळा धागा काढा.

ओहायोकर
वर चंद्रभागांनी सांगितलंच आहे, पिच मोजा. बॅट मात्र आधी घेऊ नका. हायस्कूलला लाकडी नसेल तर बीबीकॉर शिक्क्याचीच (बॅटची उसळी मर्यादेत असल्याचा शिक्का) लागते, आणि तशी ३३ इंची बॅट ३० औंसांपेक्षा हलकी चालत नाही. आम्ही ४०० डॉलरची आणली, शिक्काच नव्हता! मुलगा रडला होता त्या दिवशी. पण कोच जिंकणाराच घ्या, नाहीतर मुलांना हरायची सवय लागते.

सह्यकडा
मी इथे सात वर्षं ज्युनियर व्हार्सिटीला (शाळेच्या दुसऱ्या टीमला) मदत करतोय. मॅच नका बघू, प्रॅक्टिस बघा. एकजण बॅटिंग करतोय आणि दहाजण आउटफील्डमध्ये हात बांधून उभे, अशी असेल तर तिथून उठा. चांगला कोच पोरांचे गट पाडतो: कुणी ग्राउंडर (जमिनीवरून येणारा चेंडू) अडवतोय, कुणी टी वर (दांड्यावर ठेवलेला चेंडू) मारतोय, कुणी बंट (बॅट नुसती टेकवणं) शिकतोय. मग एखाद्याच्या हातून सोपा चेंडू सुटला की कोचचा चेहरा बघा, आणि तो पोरगा कोचकडे बघतो की पुढच्या बॅटरकडे, तेही बघा. भेदरलेलं पोर कोचकडे बघतं. पण ताई, टीम अगदीच कच्ची असेल तर पिचरला त्रास होतो. मागची फिल्डिंग ढिसाळ, की इनिंग संपत नाही आणि पिच वाढतात. मी असतो तर जिंकणारी शाळा घेतली असती.

गोदाकाठची
दोन्हीकडे जाऊन आले. जिंकणाऱ्या कोचची प्रॅक्टिस खरंच देखणी, घड्याळ लावून. मी पिचरची आई म्हटल्यावर त्यांनी विचारलं, वेग किती? केमिस्ट्रीच्या सरांनी विचारलं, वर्षातले किती महिने फेकत नाही? मला उत्तर देता येईना. हिवाळ्यातही इनडोअर चालूच असतं आमचं. ते म्हणाले, माझ्याकडे आला तर नोव्हेंबर ते जानेवारी चेंडू हातात नाही, बास्केटबॉल खेळू दे, आणि नववीत सेकंड बेसची फिल्डिंगही शिकू दे. लेक घरी येऊन जेवला नाही. तरी आम्ही त्यांच्याच गावात घर घेतलं. ट्रॅव्हल टीमही या वर्षी बंद.

टेक्सासचा तात्या
ट्रॅव्हल टीम सोडू नका हो! मग कॉलेजचे कोच पोराचा खेळ बघणार कुठे? चूक करताय.

गोदाकाठची
सही केली तात्या. चंद्रभागा, तुमच्या मुलाचा हात कसा आहे आता?

चंद्रभागा
दहा महिने झाले. परवा पुन्हा माउंडवरून (पिचरच्या उंचवट्यावरून) टाकले. १५ पिच, हळू. मीच मोजले.