सरकारी खर्च जास्त म्हणजे स्वातंत्र्य कमी? मग डेन्मार्कचं काय करायचं?

हिशेबनीस
परवा एका मित्राशी वाजलं. त्याचं म्हणणं, सरकार जेवढा हात आखडेल तेवढा देश मोकळा, आणि पुरावा म्हणून सिंगापूर. हेरिटेज फाउंडेशन या अमेरिकी विचारसंस्थेच्या आर्थिक स्वातंत्र्य निर्देशांकात ते गेली काही वर्षं पहिलं आहे आणि तिथला सरकारी खर्च जीडीपीच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. ठीक. पण डेन्मार्कचं सरकार जीडीपीच्या निम्म्याच्या आसपास खर्च करतं, तरी यादीत पहिल्या दहांत. आपल्याकडे केंद्र आणि राज्यं मिळून खर्च ३० टक्क्यांच्या आतबाहेर, आणि आपण शंभरच्याही पलीकडे. हे गणित कुणी जुळवून दाखवेल का?

रोखठोक
जुळतं की! तो निर्देशांक म्हणजे १२ घटकांची सरासरी. डेन्मार्क सरकारी खर्चाच्या पेपरात सपाटून मार खातो, पण मालमत्तेचे हक्क, न्यायालयं यांत भरघोस मार्क घेऊन वर येतो. म्हणजे खर्चामुळे नाही, खर्च असूनही. शेजारच्या स्वीडनकडे बघा. १९९३च्या सुमारास खर्च जीडीपीच्या ६५ टक्क्यांवर गेला होता, बँका गाळात होत्या. मग कात्री लागली, शाळांना व्हाउचर आले (पालक निवडतील त्या शाळेला सरकारचे पैसे), वारसा कर गेला, २००७ मध्ये संपत्ती करही गेला. फुकटचं कौतुक करणाऱ्यांना हा अर्धा भाग नेमका आठवत नाही.

आऱ्हूसकर
इथे डेन्मार्कमध्ये, आऱ्हूस शहरात राहतो म्हणून लिहितो. पगारातून आधी ८ टक्के जातात, मग उरलेल्यावर आयकर सुरू. दूध-पावावरही २५ टक्के व्हॅट, सवलतीचा दर नाही. गाडीच्या नोंदणी कराची वरची पायरी १५० टक्के आहे, म्हणून मी निमूट सायकल मारतो. पण कायद्याने ठरवलेलं किमान वेतन इथे नाही, ते युनियन आणि मालक आपसात ठरवतात. गेल्या वर्षी आमच्या टीममधल्या एकाला नोटीस मिळाली. सरकारची परवानगी नाही, कोर्टकज्जा नाही. त्याला बेकारी भत्ता सुरू झाला आणि तो दुसरीकडे लागला. आता हा देश मोकळा म्हणायचा की बांधलेला?

चहाटळ
सिंगापूरचा आकडाही तपासून घ्या. बहुतेक जमीन सरकारी, दर पाचातले जवळजवळ चार रहिवासी सरकारने बांधलेल्या फ्लॅटमध्ये. पंचावन्नपर्यंतच्या नोकरदाराच्या पगारावर सीपीएफपोटी (आपल्या पीएफसारखा तिथला बचत निधी) सक्तीने ३७ टक्के भरले जातात: २० त्याचे, १७ मालकाचे. ते त्याच्याच खात्यात राहतात म्हणून कर नाहीत, म्हणून 'छोटं सरकार'! आणि खर्च कमी म्हणजेच स्वातंत्र्य असेल तर हैतीत जा, तिथलं सरकार फारच कमी खर्च करतं. दुकान काढून दाखवा.

रोखठोक
हैतीत सरकारच धड नाही हो, उगाच फाटे फोडू नका. माझा मुद्दा आपल्याबद्दल आहे. डेन्मार्कमध्ये पैसा गोळा होतो आणि पोचतोही. इथे खर्च वाढवा म्हणालात की आधी निवडणुकीच्या योजना वाढतात, कोर्टात न्यायाधीशांच्या जागा रिकाम्याच राहतात.

हिशेबनीस
खर्च वाढवा असं मी कुठे म्हटलं? माझ्या मेव्हण्याने फरसाणाचं दुकान काढलं. दुकानाची नोंदणी, अन्न परवाना, पाटीचा परवाना, अग्निशमनचा दाखला. चार महिने भट्टी थंड आणि भाडं चालू. शेवटी एका 'ओळखीच्या' माणसाने फाईल हलवली. त्या फाईलपायी सरकारी तिजोरीतून कितीसे पैसे गेले असतील? खर्चाच्या आकड्यात हा जाच दिसतच नाही. आऱ्हूसकर, तिकडे बेकरी काढायला काय लागतं?

आऱ्हूसकर
कंपनीची नोंदणी ऑनलाइन. अन्न तपासणीवाले मात्र न सांगता येतात आणि अहवाल दारावर चिकटवायला लावतात, हसऱ्या चेहऱ्याच्या चित्रासकट. किंवा रडक्या.

रोखठोक
हे चालेल मला. याला खर्च फार येत नाही.